ओरोसचे बिऱ्हाड

बदलीचा आदेश बहुधा मे महिन्याच्या अखेरीस हाती पडतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांविषयीचा २००५ चा कायदा सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत कराव्यात असे सांगतो आणि एका पदावरचा नेहमीचा कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवतो. त्यामुळे शिरोळ वा हातकणंगले तालुक्यातील एखाद्या जैन घरात ‘सिंधुदुर्गनगरी’ हा शब्द प्रथम उच्चारला जातो, तो ऐन आंब्याच्या दिवसांत आणि पाऊस दाराशी येऊन ठेपलेला असताना. घरातील थोरले कधी काळी सहलीला जाऊन आलेले असतात. ‘म्हणजे मालवणलाच ना?’ असे ते विचारतात. मालवण नव्हे. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात उभा आहे; त्याचे नाव घेतलेली नगरी मात्र कुडाळ तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत, ओरोस या गावी आहे. राधानगरी, दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरावा, कणकवलीला महामार्ग गाठावा आणि दक्षिणेकडे वळून कसाल मागे टाकावे, की ओरोस येते. तिथून समुद्र दिसत नाही.

मग दुसरा प्रश्न निघतो आणि तो पहिल्यापेक्षा अवघड असतो. बिऱ्हाड हलवायचे, की एकट्याने जायचे?

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी तेथे मिळणाऱ्या घरावर अवलंबून आहे आणि ते घर कसे मिळते हे समजण्यासाठी नगरीचा जन्म ध्यानात घ्यावा लागतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. सावंतवाडी हे संस्थानी शहर होते, मालवण आणि वेंगुर्ले ही जुनी बंदरे होती, कुडाळ आणि कणकवली या भरलेल्या बाजारपेठा होत्या. यांपैकी कोणालाही मुख्यालयाचा मान न देता ओरोसच्या माळावर नवे नगर वसवायचे ठरले. ओरोस, रानबांबुळी आणि अणाव या गावांच्या जमिनींवर आखणी झाली, नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, जिल्हा रुग्णालय अशा इमारती एकमेकींपासून ऐसपैस अंतर राखून उभ्या राहिल्या. मधले अंतर आजही पुष्कळ ठिकाणी झाडीने भरलेले आहे.

बाजारपेठेभोवती वाढलेल्या गावात आधी माणसे येतात, मग त्यांच्यासाठी घरे होतात, मग त्या घरांवर कर लावणारे कार्यालय येते. ओरोसमध्ये कार्यालय आधी आले. माणसे सकाळी येतात आणि संध्याकाळी परत जातात. कुडाळ व कणकवली दोन्ही बाजूंना जवळ आहेत. शाळा, दुकाने, दवाखाने तिथे पूर्वीपासून आहेत. महामार्ग चौपदरी झाल्यापासून ते अंतर आणखी आटले. ज्या रस्त्याने नगरी जोडली जावी, त्याच रस्त्याने ती संध्याकाळी रिकामी होते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि शुक्रवारची संध्याकाळ तर घाटाकडे तोंड केलेल्या गाड्यांचीच झाली.

अशा गावात भाड्याने घर मिळणे सोपे असावे, असे दुरून वाटते. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा घटला. माणसे गेली ती मुंबईला, पुण्याला, गोव्याला. घरे मागे राहिली. वाडीवाडीतून चिऱ्याची, कौलारू, पुढे प्रशस्त खळे असलेली घरे कुलूपबंद दिसतात. परंतु बंद घर हे रिकामे घर नव्हे, हे बाहेरून येणाऱ्याला समजायला थोडा वेळ लागतो. ते घर चाकरमान्यांचे असते. चतुर्थीला सारे भाऊ सहकुटुंब येणार, मे महिन्यात मुले आजोळी येणार, देवघरात गणपती त्याच पाटावर बसणार. सातबारावर आणि घरपत्रकावर अनेक नावे असतात. एकाने घर भाड्याने द्यायचे ठरवले तरी बाकीच्यांची संमती कोणी गोळा करायची? म्हणून वर्षातले पंधरा दिवस गजबजण्यासाठी ते घर साडेअकरा महिने अंधारात उभे राहते. कधी मिळालेच, तर माजघराला कुलूप लावून पुढची पडवी आणि एक खोली मिळते. शिवाय चतुर्थीत जागा रिकामी करून देण्याचा अलिखित करार असतो.

उरतात ती प्राधिकरणाच्या भूखंडांवर बांधलेली घरे. तळमजल्यावर मालक, वर भाडेकरू. ही बहुधा निवृत्त कर्मचाऱ्यांची किंवा कधीकाळी बदलून येऊन इथेच रमलेल्यांची घरे असतात. अलीकडे महामार्गाच्या आसपास सदनिकांच्या इमारतीही उठू लागल्या आहेत. शासकीय निवासस्थाने आहेत, पण ती पदानुसार आणि प्रतीक्षायादीनुसार. घरभाडे भत्त्याचे गणितही पाहून ठेवावे. सातव्या वेतन आयोगाने शहरांचे तीन वर्ग करून २४, १६ आणि ८ टक्के असे मूळ दर ठरवले. कोल्हापूर, सांगली ही शहरे मधल्या वर्गात; सिंधुदुर्गनगरी शेवटच्या. पुढे दर वाढले तरी तीन-दोन-एक हे प्रमाण टिकले. म्हणजे कोल्हापुरातून ओरोसला आलेल्याचा भत्ता निम्मा होतो आणि मूळ गावच्या घराचा खर्च तर चालूच असतो.

म्हणूनच पुष्कळजण कुटुंब मागे ठेवतात. दोघा-तिघांनी मिळून खोली घ्यायची, खानावळीत जेवायचे, शुक्रवारी निघायचे. यात वावगे काही नाही. मात्र तीन वर्षे म्हणजे मुलाच्या चौथीपासून सातवीपर्यंतचा काळ, हे बदलीच्या आदेशात लिहिलेले नसते.

जैन कुटुंबाच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक आकडा येतो, तो घड्याळाचा. पाच दिवसांच्या आठवड्यात कार्यालय सकाळी पावणेदहाला उघडते आणि सायंकाळी सव्वासहाला सुटते. जूनमध्ये या भागात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. डिसेंबरच्या आरंभी सहा वाजतानाच. ज्याला रात्रीभोजनाचा त्याग आहे, त्याला उन्हाळा-पावसाळ्यात कार्यालयातून पायी घरी येऊन सूर्यास्तापूर्वी पान मांडता येते, पण घर ओरोसमध्येच असेल तर. कुडाळला बस धरून पोहोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. हिवाळ्यात दोघांचीही अडचण सारखीच. मग दुपारच्या डब्यासोबत दुसरा डबा बरोबर न्यावा लागतो. घर कुठे घ्यावे या प्रश्नाचे उत्तर काहींना भाड्याच्या रकमेत मिळते, काहींना सूर्यास्ताच्या वेळेत.

घर पाहायला जायचे ते शक्यतो पावसात जावे. मे महिन्यात ओरोसमधले प्रत्येक घर सुंदर दिसते: अंगणात फणस, मागे काजू, खिडकीतून वारा. मालक मोकळ्या मनाने सांगतो, ‘आदी घर बघा, भाड्याचा मगे बघूया.’ पण हे घर पाऊस कसा पेलते, हे मे महिना सांगत नाही. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. दख्खनच्या पठारावरून आलेल्या माणसाला त्या पावसाची कल्पना सांगून येत नाही. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, मीठ पाझरते, आगपेटी ओढली जात नाही, चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते.

साध्या भाडेकरूला ही गैरसोय वाटेल. जैन स्वयंपाकघराला ती अडचण ठरते. बुरशी आलेला पदार्थ हा नुसता खराब झालेला पदार्थ नव्हे, तो अभक्ष्य होय, कारण त्यात असंख्य जीवांची उत्पत्ती झालेली असते. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानली जाते, ती अशाच दमट हवेचा अनुभव घेतलेल्यांनी घातलेली असावी असे ओरोसच्या जुलैत वाटू लागते. आता तीन दिवसांचेच पीठ दळायचे तर गिरणी किती दूर आहे, ती पावसात उघडी असते काय, तिथे गव्हाआधी काय दळले गेले, हे प्रश्न घर पाहतानाच विचारायला हवेत. पुष्कळ गृहिणी यावर घरघंटी बरोबर नेण्याचा तोडगा काढतात आणि तो उत्तम आहे. मात्र कोकणातल्या पावसात झाड तारेवर पडले की वीज जाते आणि घरघंटी गप्प बसते. तेव्हा विजेची जोडणी स्वतंत्र मीटरची आहे का आणि घरघंटीचा भार ती पेलेल का, हेही त्याच भेटीत पाहावे.

भिंती पाहाव्यात. नैर्ऋत्येकडून पाऊस झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला आतून ओल आहे काय, कोपऱ्यात रंग फुगला आहे काय, हे हात लावून पाहावे. जुने कोकणी घर या बाबतीत नव्या सदनिकेपेक्षा शहाणे असते. उतरते कौल, खाली आलेल्या पागोळ्या, भिंतीला पाऊस लागू नये म्हणून पडवीबाहेर बांधलेल्या झावळ्यांच्या झडी, हे सारे शेकडो पावसाळ्यांतून शिकलेले शास्त्र आहे. सपाट गच्ची ही घाटावरची सवय. ओरोसमध्ये सपाट गच्चीवर वरून पत्र्याचे छप्पर उभारलेले जागोजागी दिसते, ते त्या सवयीचे प्रायश्चित्त होय. वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्याने गच्चीवर पत्रा आहे ना, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले.

आणि पाणी. नळाच्या टाकीचे पाणी कापडाने गाळून घेणे सोपे आहे. परंतु गाळणात उरलेले पाणी जिथून घेतले त्याच जलाशयात हलकेच परत सोडायचे, ही जी जुनी रीत आहे, ती नळाने जवळजवळ संपवली. ज्या घराच्या परसात विहीर आहे, तिथे ती पुन्हा पाळता येते. कोकणात अशी घरे अजून आहेत. घरमालकिणीला सुरुवातीला नवल वाटते: ही बाई काढलेल्या पाण्यातले वाटीभर पाणी परत विहिरीत का सोडते? कारण सांगितले की ते सहज पटते. विहिरीला पाय न लावता, कठड्यावर चप्पल न नेता पाणी काढणाऱ्या समाजाला पाण्यात जीव असतो हे पहिल्यांदा ऐकायचे नसते.

इथे खऱ्या अडचणीच्या विषयाकडे यावे लागते. हा जिल्हा मासे खाणारा आहे. घरमालकाने शाकाहारी भाडेकरू नाकारल्याचे फारसे घडत नाही. उलट वर जैन कुटुंब राहते हे तो थोड्या अभिमानानेच सांगतो. प्रश्न उद्भवतो तो दुसऱ्या दिशेने. खालच्या स्वयंपाकघरात बांगडा तळला जातो आणि वास जिन्यातून वर येतो. पावसाळ्यात समुद्रावरची मासेमारी बंद असते, तेव्हा उन्हाळ्यात भरून ठेवलेली सुकी मासळी निघते; तिचा वास अधिक उग्र. वरच्या बिऱ्हाडाला चातुर्मास असतो. मग कोणीतरी सौम्य शब्दांत विचारते, ‘काकी, आठवड्यातले काही दिवस तरी बंद ठेवता येईल का?’

हा प्रश्न विचारू नये. भाडेकरू चार भिंती भाड्याने घेतो. मालकाची चूल त्या भाड्यात येत नाही. स्वतंत्र जिना, स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्या दिशेला, ओटा आणि भांडी घासण्याची जागा स्वतःची, एवढे घर ठरवताना मागता येते आणि ते मागावे. आवडले नाही तर दुसरे घर पाहावे. पण आत आल्यानंतर दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवणे हे शेजारधर्मात बसत नाही, अहिंसेच्या विचारातही ते बसवणे अवघड आहे. गंमत म्हणजे थोडे थांबले तर ध्यानात येते की त्या घरातही संयम आहे. मालवणी माणूस ‘वार’ पाळतो. सोमवारी अनेक घरांत मासे शिजत नाहीत, कुणाचा गुरुवार असतो, कुणाचा शनिवार. श्रावणात तर कित्येक घरे महिनाभर शाकाहारी होतात. त्या दिवसांत खालून काळ्या वाटाण्याच्या उसळीची वाटी वर येते, तेव्हा त्यात कांदा-लसूण आहे का हे संकोच न करता विचारावे. विचारण्याने कोणी रागावत नाही, न खाता टाकून दिलेले कळले तर मात्र मन दुखावते. नारळ, कोकम, फणस, आंबा, काजू यांच्या देवघेवीला कुठल्याच बाजूने अडचण नाही आणि कोकणी शेजार बहुतांशी याच पाच गोष्टींवर चालतो.

या विषयाची दुसरी बाजू मुंबईत आहे, तीही समाजाच्या मासिकात लिहायला हवी. मुंबईच्या काही भागांत मासे-मांस खाणाऱ्यांना घर मिळत नाही ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे आणि त्या तक्रारीत जैन वस्तीच्या इमारतींचा उल्लेख वारंवार होतो. गृहनिर्माण संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवावे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये न्यायालयाने तशा उपविधीला बेकायदा ठरवण्यास नकार दिला. संस्था स्थापन करणाऱ्यांचे संघटनेचे स्वातंत्र्य त्याने मान्य केले. कायद्याची बाजू एवढी झाली. पण ओरोसमध्ये जे चाकरमान्यांचे घर जैन कुटुंबाला आनंदाने मिळते, त्याचा मालक मुंबईत राहतो. गिरणगावातली चाळ पाडली गेल्यावर उपनगरात भाड्याचे घर शोधत फिरताना त्याला कुणी पहिला प्रश्न ‘नॉनव्हेज खाता का?’ हाच विचारला असेल, तर? त्याने तोच प्रश्न उलटा करून आपल्या ओरोसच्या दारात विचारला नाही, याची जाणीव त्या घराची किल्ली हाती घेताना तरी असावी.

हे भाडेव्यवहार ओरोसमध्ये अजून बहुतांशी शब्दावर चालतात. मालक म्हणतो, ‘कागद कशाला, तुम्ही सरकारी माणूस.’ भाडेकरूलाही कागद म्हणजे अविश्वास वाटतो. प्रत्यक्षात कागद असला तर दोघांचे संबंध शेवटपर्यंत गोड राहतात. नसला तर तिसऱ्या वर्षी अनामत रकमेवरून ते बिघडतात, रंगाचा खर्च कोणाचा, तुटलेली फरशी आधीची की नंतरची यावरून.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मुळात तो त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांसाठी आहे. पण त्याचे ५५ वे कलम घर कोठेही असले तरी शिकण्यासारखे आहे. करार लेखी असावा, नोंदवलेला असावा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, असे ते सांगते. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. अर्थात कागद टाळून आपण सुरक्षित राहतो ही मालकांची समजूत उलटी आहे. ‘अकरा महिन्यांचा करार’ ही देशभरची सवय १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली, कारण त्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ज्याची बदलीच तीन वर्षांनी व्हायची, त्याने दर अकरा महिन्यांनी नवा कागद का करावा? मुदत सरळ छत्तीस महिन्यांची घालावी. बदली आधी झाली तर एका महिन्याच्या सूचनेने सोडता येईल असे एक वाक्य त्यात असावे.

खर्चाचा बाऊही होऊ नये. लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे: मुदतीतील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर. समजा भाडे दरमहा ६,००० रुपये, अनामत २०,००० रुपये, मुदत छत्तीस महिने. भाडे झाले २,१६,०००, व्याज वर्षाला २,००० म्हणजे तीन वर्षांचे ६,०००, बेरीज २,२२,०००, तिचा पाव टक्का ५५५ रुपये. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० आणि नागरी भागात १,००० रुपये. हाताळणीचा किरकोळ खर्च वेगळा. तीन वर्षांच्या निश्चिंतीसाठी दोघांनी मिळून हजार-बाराशे रुपये. नोंदणी आता घरबसल्या संगणकावरूनही होते. यासोबत जवळच्या पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. ते काम मालकाचे, पण आठवण भाडेकरूने केली तर बिघडत नाही.

करारात ज्या गोष्टी ओरोससाठी खास लिहाव्यात त्या थोड्याच. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे वा पत्रा दुरुस्त करणे कोणाकडे? विहिरीचा पंप कोण चालवणार आणि त्याची वीज कोणाच्या मीटरवर? चतुर्थीत मालकाचे भाऊ येतील तेव्हा कुठली खोली, किती दिवस? परसातले आंबे-फणस कोणाचे? शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण कोकणात भांडणे झाडांवरून होतात, भिंतींवरून कमी.

गेल्या काही वर्षांत या माळाचे रूप पुन्हा बदलू लागले आहे. २०२१ साली जिल्हा रुग्णालयाला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दरवर्षी शंभर विद्यार्थ्यांची तुकडी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिपीचा विमानतळ उघडला. विमानतळाने ओरोसच्या भाडेकरूला फारसा फरक पडला नाही, महाविद्यालयाने पडला. विद्यार्थी शुक्रवारी घाट चढत नाहीत. त्यांना वह्या लागतात, रात्री चहा लागतो, रविवारी इस्त्रीवाला लागतो. निवासी डॉक्टर आले, परिचारिका आल्या, लांबच्या तालुक्यांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक चार दिवसांसाठी खोली शोधू लागले. जी नगरी सहाला मिटत असे, तिथे आता उशिरापर्यंत दिवे दिसतात आणि ज्यांनी वरचा मजला ‘मुलासाठी’ म्हणून रिकामा ठेवला होता, ते मालक दोन खाटांच्या खोल्या करू लागले आहेत. कुटुंबाला घर देण्यापेक्षा खाटेमागे भाडे घेणे फायद्याचे ठरते. बदलून आलेल्या कुटुंबासाठी ही नवी स्पर्धा आहे.

त्या शंभरांत समाजाची मुले-मुली असणारच आणि त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. या प्रश्नाला समाजाने एकदा फार मोठे उत्तर दिले होते. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि पाठोपाठ कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. खेड्यातल्या जैन मुलाला शहरात शिकायला भाड्याची खोली परवडत नव्हती आणि मिळाली तरी आहाराचे जमत नव्हते. बोर्डिंगने दोन्ही सोडवले. कुंभोजचे भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत त्याच बोर्डिंगात राहिले. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शाहूंच्या नावाने वसतिगृह काढले, तेव्हा एका समाजापुरते दार त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी उघडले. ओरोसमध्ये बोर्डिंग काढण्याइतके विद्यार्थी नसतील. पण तीन-चार जैन बिऱ्हाडांनी मिळून सूर्यास्तापूर्वीचा एक डबा चालवावा, इतके नक्कीच आहेत. आणि तो डबा ज्याला हवा त्याला, जात न विचारता द्यावा.

देवदर्शनाची सोय मात्र घरातच करावी लागते. विजयदुर्गच्या खाडीवरील खारेपाटणला जैन मंदिर आहे. शिलाहार रट्टराजाच्या इ. स. १००८ च्या ताम्रपटामुळे ते गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे आणि बंदराच्या व्यापाराबरोबर जैन वस्ती तिथे जुनी. पण ओरोसहून ते रोज जाण्याइतके जवळ नाही. म्हणून घर पाहताना पूर्वेकडची कोरडी भिंत कुठली, हे वडीलधारे आधी विचारतात.

तीन वर्षांनी पुन्हा मे महिना येतो. नवा आदेश हाती पडतो, घरघंटी पोत्यात बांधली जाते, भिंतीवरचे खिळे काढले जातात. करार नोंदवलेला असेल तर अनामतीचा हिशेब पाच मिनिटांत होतो. उरलेला वेळ मग काकी टेम्पोच्या मागच्या फळीवर कोकमे, आमसुले आणि न पिकलेले फणस चढवण्यात घालवतात. फणस घाटावर पोहोचेपर्यंत पिकतील की नाही यावर वाद होतो आणि ड्रायव्हर पाऊस येण्याआधी घाट गाठायचा म्हणून घाई करत असतो.